डेल्फा नेपियरचा चौदाचा आकडा

बकआय घळीत शाळेची पिवळी बस डेल्फा नेपियर चालवते, आणि घळीतल्या घराघरात तिच्याबद्दल दोन गोष्टी ठाऊक आहेत. एक म्हणजे बर्फ पडो की ओढ्याला पूर येवो, तिची बस चुकत नाही. दुसरी म्हणजे ही बाई कुणाला काही विचारत नाही. दुकानात हवी ती वस्तू दिसली नाही तर तशीच हात हलवत परत येईल, पण 'कुठे ठेवलीय हो?' एवढं तोंडातून निघायचं नाही. याला गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा, नेपियरांच्या रक्तातच ती आहे. तिची आई ओपल लहानपणापासून तिला सांगायची की खिडकीपलीकडच्या माणसाला प्रश्न विचारला की तो आपल्याला अडाणी ठरवतो, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. खाणीची कचेरी असो, दवाखाना असो, कोर्ट असो, सांगतील ते ऐकायचं आणि घरी यायचं. केंटकीच्या या डोंगरात निम्मी माणसं अशीच वाढली आहेत, मीही त्यातलाच, तेव्हा मला हसायची सोय नाही.

तर सतराव्या वर्षी डेल्फाने शाळेतल्या सगळ्यांबरोबर ती परीक्षा दिली. कॉलेजच्या प्रवेशाची, सबंध देशात घेतात ती. छत्तीसपैकी तिला चौदा पडले. शाळेत मुलांना पुढचा मार्ग दाखवायला एक बाई नेमलेल्या होत्या, त्यांनी तिला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, गोड बोलल्या आणि म्हणाल्या की कॉलेज काही सगळ्यांसाठी नसतं. डेल्फाने मान हलवली. पुन्हा देता येते का, दुसरी काही वाट आहे का, यातलं काहीएक तिने विचारलं नाही. पोरगी गणितात वर्गात पहिली यायची, पण ते त्या बाईंनाही आठवलं नाही. पुढे डेल्फा बसवर लागली, आणि चौदा हा आकडा तिच्या मनात जो रुतून बसला तो निघालाच नाही. चौदा नंबरच्या घरापुढे बस थांबवतानासुद्धा तिला कसंसंच व्हायचं.

छत्तिसाव्या वर्षी तिने गावच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. सकाळची फेरी झाली की बस कॉलेजमागच्या मैदानात लावायची, दुपारपर्यंत वर्ग करायचे आणि पुन्हा मुलांना घरी सोडायला निघायचं. संध्याकाळ सगळी आईची. ओपलची छाती शिवणकारखान्यातल्या धुळीने पार कामातून गेली होती. नाकाला नळी, कोपऱ्यात घरघरणारं प्राणवायूचं यंत्र, आणि दोन वर्षांत तिने अंगणाची पायरी ओलांडलेली नव्हती. अशा आईला टाकून डेल्फा शिकायला शहरात जाणं शक्यच नव्हतं. म्हणून राज्याच्या मोठ्या विद्यापीठाने जेव्हा जाहीर केलं की शिक्षक होण्याची पुढची दोन वर्षं आम्ही तुमच्याच कॉलेजात येऊन शिकवू, तेव्हा तिला रात्र रात्र झोप लागेना. पण ही तुकडी शेवटची होती. यंदा जागा मिळाली तर डेल्फा गणिताची बाई होणार, नाहीतर जन्मभर बस.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. नाव, गाव, आतापर्यंतचे विषय, सगळं तिने नीट भरलं. मग खाली एक रिकामी जागा आली: प्रवेश परीक्षेचे गुण.  चौदा लिहायचे? की जागा रिकामी सोडायची, म्हणजे तिथे बसलेल्या माणसाला आपोआप कळेल की हिच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे? कॉलेजात दोन दारं सोडून सल्ला द्यायला माणूस बसलेला होता, दिवसभर त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. त्याला विचारायचं सोडून डेल्फाने आपल्या मनाशीच हिशोब केला आणि ठरवून टाकलं की परीक्षा पुन्हा द्यायची. आता त्या परीक्षेच्या तयारीला वेळ कुठला? दिवसातला तोच दोन फेऱ्यांमधला मोकळा वेळ, आणि त्यात टॅकेट बाईंचा रसायनशास्त्राचा वर्ग आणि प्रयोगशाळा. तिने कॉम्प्युटरवरचं बटण दाबून रसायनशास्त्र सोडून दिलं. उन्हाळ्यात पुन्हा घेऊ म्हणाली. टॅकेट बाईंना तोंडदेखलं सांगायलासुद्धा गेली नाही.

शनिवारी ती परीक्षेला गेली तेव्हा तिथे तिच्याच बसमधली पोरं बसलेली होती. रोज ती त्यांना जागा नेमून द्यायची, आज तिलाच कुणीतरी बोटाने बाक दाखवला. पुढच्या बाकावर टॅबिथा स्टेसी, घळीच्या पार टोकाला राहणारी, बसमध्ये कायम खिडकीला डोकं टेकून बसणारी मुलगी. तिने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "मिस डेल्फा, तुम्ही आम्हाला इथेही गप्प बसवायला आलात की काय?" पोरं फिदीफिदी हसली, डेल्फाही हसली. पेपर सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं तिला अक्षरं दिसेनात. मग गणिताचा भाग आला आणि तिची पेन्सिल चालायला लागली.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी दुपारी तिच्या फोनवर निकाल आला. सव्वीस! डेल्फाने बसमध्ये बसून तो आकडा इतक्या वेळा पाहिला की फोनची काच धुरकटली. तिला रडू आलं, हसू आलं, आणि सतरा वर्षांच्या त्या पोरीला खुर्ची देणाऱ्या बाईंना जाऊन हा आकडा दाखवावा असंही वाटलं. त्याच दुपारी विद्यापीठाच्या विल्टन मॅडम कॉलेजात माहिती द्यायला येणार होत्या. डेल्फा पहिल्या रांगेत जाऊन बसली, जन्मात पहिल्यांदा.

विल्टन मॅडम भराभर बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, काही शंका? खोली भरलेली होती, पण कुणी तोंड उघडलं नाही. आमची माणसं अशा वेळी आपल्या बुटांकडे बघतात. मॅडमनी वाट पाहिली, मग सुस्कारा सोडून कागद आवरले. डेल्फा बाहेर बसकडे निघाली तेव्हा मॅडम आपल्या गाडीशी उभ्या होत्या, आणि बोलायला कुणीतरी हवं म्हणून असेल, त्याच तिच्याशी बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या काउंटीत दर वेळी असंच होतं, प्रश्न एकही नाही आणि मागून निम्मे अर्ज चुकलेले येतात. डेल्फाला राहवलं नाही. प्रश्न नाही विचारला तिने, नुसता फोन पुढे केला आणि म्हणाली, "मला सव्वीस पडले."

"अरे वा," विल्टन मॅडम म्हणाल्या, "पण तू कशाला दिलीस ही परीक्षा? ज्यांची इथली दोन वर्षं पुरी झालीत त्यांचे ते गुण आम्ही उघडूनसुद्धा बघत नाही. शाळेतून थेट येणाऱ्यांना आणि तुम्हाला अर्जाचं पान एकच आहे, म्हणून ती जागा. तुम्ही सोडून द्यायची. आम्ही बघतो ते तुमचे इथले विषय, आणि प्रयोगशाळेसकट एक शास्त्र विषय मेअखेर पुरा पाहिजे. त्याच्याशिवाय या तुकडीत नाव लागत नाही. तुझं रसायनशास्त्र चालू असेल ना?"

 डेल्फा हो म्हणाली की नाही म्हणाली हे तिचं तिलाच आठवत नाही. मॅडमची गाडी फाटकातून गेली आणि ती तिथेच उभी राहिली, हातात सव्वीसवाला फोन. ज्या परीक्षेकडे कुणी ढुंकून बघणार नव्हतं तिच्यापायी तिने जो विषय लागणार होता तोच सोडला होता. आणि हे कळायला तिला एक प्रश्न पुरला असता, मार्चमध्येच. स्वतःच्या कानफटात मारून घ्यावी असं तिला वाटलं.

शाळा सुटायला थोडाच वेळ होता. ती कॉलेजच्या कार्यालयाच्या खिडकीशी गेली. पुढची दोन माणसं निघून गेली तरी तिचं तोंड उघडेना. खिडकीतल्या मुलीने मान वर करून विचारलं, काय पाहिजे? डेल्फाने विचारलं. सोडलेला विषय परत घेता येतो का, एवढंच. मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. म्हणाली, तुमचा विषय अजून सुटलेलाच नाही. निम्मं सत्र उलटल्यावर विषय सोडायचा तर शिक्षकांची संमती लागते, आणि टॅकेट बाईंनी ती दिलेली नाही, नाकारलेलीही नाही. नुसतं तसंच ठेवलंय. पण आज शेवटचा दिवस. पाच वाजेपर्यंत त्यांनी नाकारलं तर तुम्ही वर्गात. नाही नाकारलं, तर पाचला ते आपोआप पक्कं होतं, मग कुणाच्या बापालाही बदलता येत नाही.

टॅकेट बाई शुक्रवारी कॉलेजात येत नाहीत. डेल्फाने बसमध्ये पडलेल्या जुन्या कागदांतून त्यांचा नंबर शोधला आणि फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बस शाळेपुढे आणली तोवर घंटा झाली आणि मुलं बसकडे पळत सुटली.

आता काय करणार? बस सोडून बाईंच्या घरी धावायचं, तर चाळीस पोरं रस्त्यावर. ते डेल्फाकडून होणं शक्य नव्हतं. ती चालकाच्या जागेवर बसली. घळीत एकदा शिरलं की फोन मेला, दोन्हीकडे डोंगर. एक एक थांबा घेत ती निघाली. लहान पोरं सावकाश उतरतात, दप्तर विसरतात, परत चढतात, आयांना हात करतात. रोज तिला हे आवडायचं, आज एकेका पोराला बखोटीला धरून उतरवावं असं तिला होत होतं. पण तिने एकाही थांब्यावर घाई केली नाही, एकाही वळणावर वेग वाढवला नाही. दात मात्र इतके आवळले होते की जबडा दुखायला लागला. रेल्वेच्या फाटकाशी कोळशाची गाडी आडवी आली आणि संपता संपेना. डेल्फा डबे बघत बसली. पुढच्या बाकावरच्या टॅबिथाने विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" डेल्फा म्हणाली, गप बस, सरळ बस. नंतर तिला त्याचंही वाईट वाटलं.

वरच्या चर्चपाशी रस्ता डोंगराच्या माथ्याला लागतो, आणि तिथे, चर्चच्या फाटकापुढे एवढ्याशा जागेत, फोन लागतो. तिथे आमच्याकडची सगळी घळ फोन करायला जमते. निम्मी मुलं अजून बसमध्ये होती. डेल्फाने बस बाजूला घेतली, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि म्हणाली की कुणी उठायचं नाही. फोन लावला. एवढ्याशा बसमध्ये लपायला जागा नाही, जे बोलायचं ते सगळ्यांच्या देखत बोलायला लागणार हे तिला कळत होतं. या वेळी टॅकेट बाईंनी फोन उचलला.

"बाई, मी डेल्फा नेपियर."

 बाई म्हणाल्या, "मला वाटलं तुझी आई गेली. मग तुझी बस रस्त्यात दिसली, तेव्हा कळलं की तुला लाजच नाही. मी परसात बटाटे लावतेय. बोल."

"माझा विषय... तुम्ही अजून सुटू दिला नाहीत, असं कळलं."

"नाही सुटू दिला. म्हटलं, पोरगी येईल, काय झालं ते सांगेल, मग बघू. तुझ्यासारखं माझ्या वर्गातून दर वर्षी कुणीतरी न सांगता उठून जातं, डेल्फा. चांगली चालणारीच जातात. मी वाट बघते आणि कुणी येत नाही. तुझ्या वेळी मला फार राग आला. आज दुपारीच संमती देऊन टाकणार होते, तेवढ्यात शेजाऱ्याने सरी ओढून दिल्या म्हणून आधी बटाटे घेतले. का गेलीस?"

 डेल्फाने आरशात पाहिलं, सगळे डोळे तिच्यावर. तिला वाटलं, फोन ठेवावा, ब्रेक सोडावा आणि मुलांना घरी पोचवून मोकळं व्हावं. नेपियरांनी आजवर तेच केलं होतं.

"मला सतराव्या वर्षी चौदा पडले होते," ती म्हणाली.  "त्या परीक्षेत. मला वाटलं ते गुण बघूनच मला बाहेर काढतील. म्हणून पुन्हा द्यायची ठरवली आणि तुमचा वर्ग सोडला. कुणाला विचारलं नाही. आज कळलं की ते गुण कुणी बघतच नाही, तुमचा विषय बघतात. बाई, मला परत घ्याल का?"

"पुन्हा दिलीस त्यात किती पडले?"

"सव्वीस."

"छान. आता त्याची चौकट करून भिंतीला लाव, दुसरा उपयोग नाही त्याचा." बाई हसल्या नाहीत. "हे बघ, ज्या चाचण्या बुडवल्यास त्यांचं शून्यच राहील. मी कुणाला सवलत देत नाही, तुलाही नाही. प्रयोग सगळे भरून काढायला लागतील आणि शेवटच्या पेपरात कस लागेल. एवढं करूनही नापास होऊ शकतेस. नापास झालीस तर माझ्या दारात रडत यायचं नाही. जमेल?"

डेल्फाने खरं तेच सांगितलं. "माहीत नाही. एकटीने नाही जमणार. बाई, तुम्ही मला शनिवारी शिकवाल का?"

एकदा विचारल्यावर दुसऱ्यांदा विचारायला कमी त्रास होतो, हे तिला तेव्हा समजलं. टॅकेट बाई म्हणाल्या की शनिवारी सकाळी ये, आणि येताना कुदळ आण, बटाटे अजून उरलेत. मग म्हणाल्या, ठेव आता, मला हात धुऊन कॉम्प्युटर लावायचाय, ते धूड सुरू व्हायलाच वेळ लागतो.

डेल्फाने ब्रेक सोडला. मागून कुणीतरी विचारलं की आपण थांबलो कशाला होतो, आणि टॅबिथाने त्याला असं झापलं की बस पुन्हा चिडीचूप झाली. उतारावर फोन पुन्हा मेला. बाईंचं काम पाचच्या आत झालं की नाही हे कळायला आता शेवटचा थांबा संपवून, बस वळवून परत माथ्यावर यायला लागणार होतं. शेवटचा थांबा टॅबिथाचा. ती उतरली नाही, पायरीवरच उभी राहिली.

"मिस डेल्फा, मला तेरा पडलेत," ती म्हणाली.  "शाळेत सांगितलं की कॉलेजचा विचार सोड. मी हो म्हणून आले."

डेल्फाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला ती खुर्ची आठवली, ते गोड बोलणं आठवलं.  मग ती म्हणाली, "हो म्हणून आलीस ना? मीही आले होते. सोमवारी सकाळी तुला कॉलेजात नेते. तिथे एक माणूस दिवसभर रिकामा बसलेला असतो. दोघी मिळून त्याला विचार विचार विचारू, त्याला चहा प्यायला वेळ द्यायचा नाही."

माथ्यावर आली तेव्हा पाच वाजून गेले होते. तिने फोन हातात धरला, पण बघायचा धीर होईना. शेवटी बघितला. कॉलेजचा निरोप होता: विषय सोडण्याची तुमची विनंती शिक्षकांनी नाकारली आहे. असा नकार वाचून इतकं हायसं झालेली बाई आमच्या घळीत दुसरी नसेल. चर्चच्या फाटकापुढे रिकाम्या बसमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून ती हमसाहमशी रडली.

घरी आली तेव्हा ओपल खिडकीशी बसली होती, यंत्र घरघरत होतं. डेल्फाने घेवडा गरम केला, मक्याचा पाव कापला, आणि जेवताना सगळं सांगितलं. सोडलेला विषय, खिडकीतली मुलगी, बसमधून केलेला फोन, काही लपवलं नाही. तिला वाटलं आई आता बोलणार, चारचौघांत आपली शोभा करून आलीस म्हणून. ओपल पाव दुधात कुस्करत राहिली. 

"सगळ्या पोरांसमोर विचारलंस?" तिने शेवटी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"आणि कुणी हसलं नाही?"

"नाही हसलं, आई."

ओपलने नाकातली नळी सारखी केली आणि यंत्राकडे पाहिलं. ते ज्या दिवशी घरात आणून ठेवलं त्या दिवशी दवाखान्याचा माणूस म्हणाला होता, याच्याजवळ बसून राहायचं. ती बसून राहिली होती.

"मग सोमवारी दवाखान्यालाही फोन कर," ओपल म्हणाली. "विचार, हे सोडून मला बाहेर जाता येतं का म्हणून. काही लहान नळकांडं-बिळकांडं मिळत असेल तर. तू बाई होशील त्या दिवशी मला तिथे बसायचंय."